‘संदर्भ : गूगल, विकिपीडिया, यूट्यूब’ – कॉलेजच्या प्रकल्पासाठी माहिती शोधायची, तपासायची आणि नोंदवायची कशी?

तळटीप (धागाकर्ता)

कुठल्याही कॉलेजातला स्पायरल बाइंडिंगचा प्रकल्प उचला आणि शेवटचं पान उघडा. ‘संदर्भसूची’ या शीर्षकाखाली बहुधा तीनच ओळी असतात : गूगल, विकिपीडिया, यूट्यूब. चौथी असलीच तर ‘विविध वृत्तपत्रे’. गूगल हा संदर्भ नव्हे. तो नाक्यावरचा पानवाला. पत्ता त्यालाच विचारायचा, पण पाहुणे म्हणून त्याच्याकडे मुक्काम ठोकायचा नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट, सीईपी (समाजात जाऊन करायचा उपक्रम), ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) असं बरंच काही पदवीच्या मुलांच्या गळ्यात पडलंय. प्रकल्प करा म्हणून सांगतात, माहिती कशी हुडकायची ते सहसा कोणी शिकवत नाही. म्हणून हा धागा. उपदेश नको, नेमक्या कृती लिहा.

सुरुवात एका आकड्यापासून करतो. ‘महाराष्ट्राचा साक्षरता दर किती?’ शोधलंत तर दोन उत्तरं हमखास मिळतात, ८२.९१ टक्के आणि ८२.३४ टक्के. दोन्ही ठिकाणी ‘जनगणना २०११’ असंच लिहिलेलं. मुलं त्यातलं जे आधी दिसेल ते उचलतात. प्रत्यक्षात पहिला आकडा गणनेनंतर लगेच जाहीर झालेल्या तात्पुरत्या आकडेवारीतला आणि दुसरा नंतरच्या अंतिम आकडेवारीतला. लोकसंख्येचंही तेच : तात्पुरती ११,२३,७२,९७२, अंतिम ११,२३,७४,३३३. फरक १,३६१ माणसांचा. पण एकाच तक्त्यात लोकसंख्या अंतिम आणि साक्षरता तात्पुरती घातली की तुम्ही कुठलाच मूळ दस्तऐवज उघडलेला नाही, हे तपासणाऱ्याला लगेच कळतं.

आणखी एक खड्डा. हा दर साक्षरांच्या संख्येला ७ वर्षं व त्यापुढच्या लोकसंख्येने भागून काढतात. कोणी हुशारीने साक्षरांची संख्या एकूण लोकसंख्येने भागली तर उत्तर बरंच खाली येतं आणि मग ‘सरकारी आकडे खोटे’ असा निष्कर्ष निघतो.

म्हणून कुठलाही आकडा वहीत उतरवताना त्याच्या शेजारी चार गोष्टी लिहा : कोणी मोजलं, कधी मोजलं, कशाने भागलं, तात्पुरतं की अंतिम. एवढं लिहिता येत नसेल तर तो आकडा अजून तुमचा झालेला नाही.

शाईपेन

वाचनखूण साठवली. शोधण्याच्या बाजूने भर घालतो.

पूर्ण प्रश्न टाइप करणं आधी सोडा. ‘मराठवाड्यात दुष्काळ का पडतो’ असं विचारलं की ज्यांनी तोच प्रश्न शीर्षकात घातलाय ती क्लिकखाऊ पानं वर येतात. त्याऐवजी उत्तर ज्या कागदात असेल त्या कागदातले शब्द टाका : ‘पर्जन्यमान’, ‘आणेवारी’, ‘पैसेवारी’, ‘अवर्षणप्रवण क्षेत्र’. सरकारी अहवालात ‘दुष्काळ’पेक्षा ‘टंचाई’ हा शब्द अनेकदा जास्त सापडतो. विषय निवडल्यावर पहिला अर्धा तास शब्दांची यादी करण्यात घालवा. मराठी शब्द, इंग्रजी शब्द, सरकारी शब्द, बोलीतला शब्द असे चार रकाने पाडा.

मग गूगलच्या खुणा. अवतरणचिन्हांत टाकलेला शब्दसमूह जसाच्या तसा शोधला जातो. उणे चिन्ह लावलेला शब्द वगळला जातो. त्या चिन्हाच्या आधी जागा सोडायची, नंतर नाही. ‘साइट’ लिहून विसर्गासारखं कोलन आणि त्याला चिकटून संकेतस्थळाचा पत्ता दिला की शोध त्या स्थळापुरता राहतो. ‘फाइलटाइप’ आणि कोलनला चिकटून ‘पीडीएफ’ दिलं की फक्त पीडीएफ. हे सगळं अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचं. नव्वद टक्के मुलांचं घोडं कोलननंतर सोडलेल्या एका जागेपाशी अडतं. ती सोडली की खूण खूण राहत नाही, साधा शब्द होते. दोन पर्यायी शब्दांमध्ये ‘ऑर’ टाकायचा असेल तर तो मोठ्या अक्षरांतच.

मराठीत अवतरणचिन्हं जपून वापरा. आपले शब्द विभक्ती लावून फिरतात. ‘दुष्काळ निवारण’ अवतरणात टाकलं तर ‘दुष्काळाचे निवारण’ आणि ‘दुष्काळनिवारण’ दोन्ही हातचे जातात. इंग्रजीत शिकलेली युक्ती मराठीत तशीच चालत नाही ती इथे.

काजवा

एक शंका. शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) मराठीतले प्रबंध आहेत असं ऐकून तिथे मराठीत शोधलं तर मोजकेच निकाल येतात. इंग्रजीत विषय टाकला तर पुष्कळ. मराठी प्रबंध खरंच इतके कमी आहेत का?

कपाट नं. ७

कमी नाहीत, सापडत नाहीत. कारणं तीन.

पहिलं, नोंद. प्रबंध मराठीत असला तरी त्याचं शीर्षक शोधगंगेवर कधी देवनागरीत, कधी रोमन लिप्यंतरात, कधी इंग्रजी भाषांतरात भरलेलं असतं. तेव्हा तिन्ही पद्धतींनी शोधायचं. त्याहून सोपं म्हणजे विद्यापीठ, मग विभाग अशा पायऱ्यांनी उतरायचं आणि यादी डोळ्यांनी चाळायची. मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विभागांच्या याद्या एका बैठकीत चाळून होतात.

दुसरं, फाइल. बऱ्याच फाइली स्कॅन केलेल्या आहेत, म्हणजे पानांचे फोटो. त्यात शब्द शोधताच येत नाही. काही युनिकोडच्या आधीच्या फाँटमधल्या आहेत, श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी वगैरे. पडद्यावर छान मराठी दिसतं, पण मजकूर कॉपी करून वहीत चिकटवला की रोमन अक्षरांची खिचडी येते. संगणकाच्या लेखी ती मराठी नाहीच. ओळखायची युक्ती हीच : एक ओळ कॉपी करून पेस्ट करा. खिचडी आली तर कंट्रोल-एफवर विसंबू नका, अनुक्रमणिका वाचा.

तिसरं कारण सगळ्यात खट्याळ. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे साठवला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच. गूगल असे फरक बऱ्याचदा सांभाळून घेतं. पीडीएफमधला शोध किंवा ग्रंथालयाचा कॅटलॉग घेईलच असं नाही. तुम्ही शोधता, शून्य निकाल येतो आणि वाटतं की यात शेतकऱ्यांबद्दल काहीच नाही. ‘ॲ’चंही असंच, एक अखंड अक्षर आणि एक ‘अ’वर चंद्र दिलेलं. उपाय सोपा आहे : शब्दाचा बिनधोक तुकडा शोधा. ‘शेतक’ एवढंच टाका, ‘शेतकरी’ आणि ‘शेतकऱ्यांना’ दोन्ही सापडतात. ऱ्हस्वदीर्घाचा घोळ असेल तिथेही हाच उपाय.

शोधगंगेवर प्रबंध अखंड मिळत नाही, प्रकरणवार फाइली असतात. आधी शेवटची, संदर्भग्रंथांची फाइल उतरवा. एखाद्याने चार-पाच वर्षं घालून गोळा केलेली वाचनयादी तिथे आयती असते. नंतर पूर्वसाहित्याच्या आढाव्याचं प्रकरण. निष्कर्ष सगळ्यात शेवटी.

आता कॉलेजच्या ग्रंथालयातला ओपॅक, म्हणजे संगणकावरचा कॅटलॉग. मराठी लेखक टोपणनाव आणि खरं नाव दोन्हींखाली शोधा. कविता हवी तर कुसुमाग्रज, नाटक हवं तर शिरवाडकर. कॅटलॉगमध्ये दोन नावं एकमेकांना जोडलेली असतीलच याची खात्री नाही. नोंदी रोमन लिपीत असतील तर ‘लक्ष्मण’चं स्पेलिंग एक्सने करून पाहा आणि के-एस-एच-एमनेही.

पुस्तक सापडल्यावर दाखल क्रमांक उतरवून कपाटापाशी जाऊ नका. तो त्या प्रतीचा नोंदवहीतला क्रमांक. पुस्तक लागतं बोधांकाने, म्हणजे विषयानुसार दिलेल्या क्रमांकाने. ड्यूई ही वर्गीकरणाची पद्धत असेल तर मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. एकदा ते कपाट सापडलं की हव्या असलेल्या पुस्तकाच्या डाव्या-उजव्या हाताची दहा पुस्तकं चाळा. हे सुख अजून कुठल्या शोधयंत्राला देता आलेलं नाही.

काजवा

‘शेतक’ टाकून पाहिलं. दंडवत!

आकडेमोड

साक्षरतेच्या उदाहरणाला पुढे नेतो. २०२१ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. त्यामुळे ‘महाराष्ट्राची २०२३ची लोकसंख्या’ म्हणून जे काही दिसतं ते मोजलेलं नाही, अंदाजाने पुढे नेलेलं आहे. सरकारी तक्त्यात त्याला ‘प्रक्षेपित’ म्हणतात. तुमच्या तक्त्यातही तो शब्द आला पाहिजे. दरडोई अमुक, दर लाखामागे तमुक असे सगळे आकडे याच अंदाजाच्या पायावर उभे असतात.

राज्याच्या आकड्यांसाठी पहिलं दार : अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’. दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येते, मराठीत असते, फुकट उतरवता येते. तक्त्याखालची बारीक टिपणी वाचल्याशिवाय तक्ता उचलायचा नाही. ‘अस्थायी’, ‘पहिले सुधारित अंदाज’, ‘स्थिर किमतींनुसार’, ‘चालू किमतींनुसार’ हे शब्द तिथे दडलेले असतात. एका वर्षाचा आकडा चालू किमतींचा आणि दुसऱ्याचा स्थिर किमतींचा घेतला की वाढीचा दर काहीच्या काही निघतो. एकाच वर्षाचा आकडा पुढच्या पाहणीत बदलूनही येतो, कारण अंदाज सुधारला जातो. तुलना करायची तर सगळे आकडे एकाच, आणि शक्यतो ताज्या, पाहणीतून घ्या.

दोन चुका तर रोजच्या वर्तमानपत्रातही दिसतात. प्रमाण ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलं तर ती १० टक्केबिंदूंची वाढ. टक्क्यांत बोलायचं तर वाढ २५ टक्के. दुसरी चूक मिलियन-बिलियनची. एक मिलियन म्हणजे १० लाख, एक बिलियन म्हणजे १०० कोटी, म्हणजेच एक अब्ज, आणि एक ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. भाषांतरित बातमीतला आकडा वापरण्याआधी मूळ इंग्रजी बातमीत शून्यं मोजा.

वाकडी मान

संकेतस्थळ विश्वासार्ह आहे का, हे तपासायला काही कॉलेजांत अजून ‘क्रॅप’ नावाची यादी शिकवतात. कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या विद्यापीठ ग्रंथालयात २००४च्या सुमारास बनलेली. अद्ययावतता, प्रस्तुतता, अधिकार, अचूकता आणि हेतू अशा पाच कसोट्या. वाईट नाही, पण तिची खोड अशी की सगळ्या प्रश्नांची उत्तरं तुम्ही त्याच पानावर बसून शोधता. चोराला विचारायचं, ‘तू चोर आहेस का?’ आणि त्याने दिलेलं उत्तर रकान्यात भरायचं.

स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना संकेतस्थळं तपासायला दिली होती. १० इतिहासाचे पीएचडीधारक, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ स्टॅनफर्डचेच विद्यार्थी. विद्यार्थी आणि इतिहासकारही लोगो, देखणी मांडणी, भारदस्त नाव याला भुलले. तथ्यतपासनीस मात्र पान जेमतेम पाहून लगेच नव्या टॅबमध्ये गेले आणि ‘ही संस्था कोण, तिच्याबद्दल बाकीचे काय म्हणतात’ ते शोधू लागले. कमी वेळात बरोबर उत्तर त्यांचंच आलं. याला आडवं वाचन म्हणतात. पान वरून खाली वाचण्याआधी शेजारी-पाजारी चौकशी. स्थळ पाहायला गेल्यावर आपल्याकडे हेच करतात. मुलाकडच्यांनी दिलेल्या बायोडेटावर कोणी थांबत नाही.

प्रत्यक्षात करायचं ते असं. संस्थेचं नाव अवतरणात टाका आणि तिचं स्वतःचं संकेतस्थळ उणे करून शोधा. म्हणजे ती स्वतःबद्दल काय म्हणते ते वगळून जग काय म्हणतं तेवढंच उरतं. नावात ‘राष्ट्रीय’, ‘भारतीय’, ‘अनुसंधान परिषद’ आहे म्हणून ती सरकारी असेल असं धरू नका. पत्त्याच्या शेवटी डॉट ओआरजी कोणालाही पैसे भरून मिळतं. डॉट जीओव्ही डॉट इन आणि डॉट एसी डॉट इन पात्रता पाहून दिले जातात.

माइक कॉलफिल्ड यांनी हेच चार पायऱ्यांत बसवलंय : थांबा, स्रोत कोण ते पाहा, त्याच विषयावरचं आणखी चांगलं लेखन शोधा, विधान मुळापर्यंत न्या. चौथी पायरी सगळ्यात कष्टाची आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारी.

फोटोचं थोडक्यात : गूगल लेन्स किंवा टिनआयमध्ये टाका, तारखेने जुना निकाल आधी पाहा. पुराच्या बातमीतला फोटो निम्म्या वेळा भलत्याच पुराचा निघतो.

रद्दीवाला

बाकी सगळं मान्य, पण धाग्याच्या शीर्षकात विकिपीडियाला गूगलच्या रांगेत बसवलंय ते काही पटलं नाही. विकिपीडियावर बंदी घालून मुलं ते वाचायचं सोडत नाहीत, फक्त सांगायचं सोडतात. त्यापेक्षा वापरायचं कसं ते सांगा ना.

तळटीप

रास्त आहे. लेख वाचा, हव्या त्या वाक्याशेजारचा आकडा दाबा, खालच्या तळटिपेतला मूळ स्रोत उघडा, ते वाक्य तिथे खरंच आहे का पाहा आणि संदर्भ त्या मूळ स्रोताचा द्या. तळटीप नसलेलं वाक्य उचलायचं नाही. शिवाय ‘चर्चा’ आणि ‘इतिहास’ हे दोन टॅब उघडा. लेखात कुठल्या मुद्द्यावर मारामारी चालू आहे ते तिथे कळतं. मराठी विकिपीडियावर काही लेख फार त्रोटक आहेत, तेव्हा त्याच विषयाचा इंग्रजी लेखही पाहावा.

मराठी विश्वकोशाला मात्र थेट संदर्भ म्हणून देता येतं, कारण नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. पण पहिला खंड १९७६चा आहे हे विसरू नका. संकल्पना, इतिहास, व्याख्या यासाठी उत्तम. जुन्या नोंदीतली लोकसंख्या किंवा उत्पादनाचे आकडे ‘आज’ म्हणून लिहिलेत तर फजिती.

लाल फीत

सरकारी योजनांवर प्रकल्प करणाऱ्यांसाठी. व्हॉट्सॲपवर आलेला ‘जीआर’ हा स्रोत नाही, आणि बातमीतला जीआरचा सारांशही नाही. खरा शासन निर्णय मिळवणं दोन मिनिटांचं काम आहे.

निर्णयाच्या शेवटी, सहीच्या वरच्या परिच्छेदात ठरलेलं वाक्य असतं : सदर शासन निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेताक अमुक. हा संकेतांक १८ अंकी असतो. तो शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. पहिले आठ अंक सहसा वर्ष, महिना, दिवस या क्रमाने वाचता येतात. कागदावरच्या तारखेशी काही दिवसांचा फरक चालतो. दोन वर्षांचा निघाला तर कोणीतरी कात्री चालवली आहे.

खरा निर्णय हातात आल्यावर थेट शेवटच्या ‘शासन निर्णय’ भागाकडे उडी मारू नका. वर ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते. योजनेचा सगळा वंशवृक्ष तोच. मजकुरात ‘अधिक्रमित करून’ हे शब्द शोधा, म्हणजे जुना निर्णय रद्द झाला. आणि शेवटी, त्याच विषयावर नंतर शुद्धिपत्रक निघालंय का, ते विभाग आणि तारखेने शोधा. रद्द झालेल्या निर्णयातली उत्पन्नमर्यादा घेऊन अख्खं प्रकरण लिहिलं जातं ते या शेवटच्या पायरीच्या आळसामुळे. शासन निर्णय, परिपत्रक आणि अधिसूचना या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. संदर्भ देताना कागदावर जे लिहिलंय तेच लिहा.

कपाट नं. ७

नियतकालिकांबद्दल लिहायचं राहिलं. पदवी-पदव्युत्तरच्या मुलांनाही हल्ली ‘पेपर पब्लिश करा’ म्हणून मेसेज येतात. तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्र मोफत, खाली मोठ्या अक्षरात आयएसएसएन.

आयएसएसएन म्हणजे गुणवत्तेचा शिक्का, हा गैरसमज आधी काढा. तो नुसता ओळख क्रमांक आहे, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. नंबरप्लेट आहे म्हणून गाडीचे ब्रेक लागतात असं नव्हे. पण प्लेट बनावट आहे का ते मात्र तपासता येतं. आठ अंकांतला शेवटचा हा पडताळा अंक. उदाहरण इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचं, ००१२-९९७६. पहिल्या सात अंकांना डावीकडून ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा : ०, ०, ६, १०, ३६, २७, १४. बेरीज ९३. तिला ११ने भागा, बाकी ५. ११मधून ५ वजा, उत्तर ६. शेवटचा अंक ६ आहे, जुळलं. (उत्तर १० आलं तर तिथे एक्स लिहितात, बाकी शून्य आली तर ०.) जुळलं नाही तर छपाईची चूक किंवा बनाव. जुळलं तरी आयएसएसएनच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकून नियतकालिकाचं नाव तेच येतं का पाहा. कारण खऱ्या नियतकालिकाचं नाव आणि क्रमांक चोरून भलतंच संकेतस्थळ थाटण्याचा धंदाही जोरात आहे.

‘यूजीसी केअर सूचीत समाविष्ट’ असं अजून मिरवणाऱ्यांपासून जपून. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य नियतकालिकांच्या त्या सूचीचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या कक्षातून चालायचं. यूजीसीने ती २०२५च्या फेब्रुवारीत बंद केल्याचं जाहीर केलं. आता जबाबदारी संस्थांवर आणि आपल्यावर. मुक्त (कोणालाही फुकट वाचता येणारं) नियतकालिक असेल तर डीओएजे या अशा नियतकालिकांच्या सूचीत आहे का पाहा. संपादक मंडळातल्या दोन नावांच्या विद्यापीठाच्या पानावर या नियतकालिकाचा उल्लेख आहे का पाहा. मागच्या अंकातले तीन लेख उघडा. एकाच अंकात मृदाशास्त्र, संत साहित्य आणि ब्लॉकचेन शेजारी शेजारी नांदत असतील तर काढता पाय घ्या.

उद्धृत करायचा लेख नंतर मागे घेतला गेलाय का, हेही पाहावं. लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध जोडणारा १९९८चा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१०मध्ये मागे घेतला, तरी अजून लोक तो फडकवतात. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लेख साठवला असेल तर मागे घेतल्याचा इशारा ते आपणहून देतं.

निवडुंग

आणि चॅटजीपीटी? मुलं थेट त्यालाच ‘दहा संदर्भ दे’ म्हणतात. धाग्यात कोणीच कसं बोललं नाही?

वाकडी मान

बोलतो. न्यूयॉर्कच्या न्यायालयात २०२३मध्ये वकिलांनी त्याने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले दाखले म्हणून सादर केले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. वकिलांची ही गत, तर टीवायच्या मुलांचं काय!

बनावट संदर्भ तीन जातींचे. पहिला अख्खा काल्पनिक, तो पकडायला सोपा. दुसरा अर्धा खरा : लेखक खरा, नियतकालिक खरं, लेख मात्र त्याने कधी लिहिलेलाच नाही. तिसरा सगळ्यात डेंजर : लेख खरा, पण त्यात तुम्हाला सांगितलेलं विधान नाही.

तपासणीचा क्रम असा. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, असेल तर (तो नेहमी १० आणि टिंबाने सुरू होतो, पुढे तिरकी रेघ) डीओआयच्या संकेतस्थळावर टाका. उघडलाच नाही तर बाद. उघडला तर शीर्षक जुळतं का पाहा, कारण बनावट डीओआय कधीकधी दुसऱ्याच कोणाच्या लेखावर नेऊन सोडतो. डीओआय नसेल तर पूर्ण शीर्षक अवतरणात टाकून गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या अभ्यासलेखांच्या शोधयंत्रावर. तिथे सापडला तर खंड, अंक, पानं जुळवा. आणि शेवटी लेख उघडून ते विधान ज्या पानावर आहे ते पान शोधा. पान सापडेपर्यंत तो संदर्भ यादीत जात नाही.

मराठीत आणखी सावध. अभंग आणि ओव्या ही यंत्रं फार गोड रचतात आणि बिनदिक्कत तुकोबांच्या नावावर खपवतात. ओवी असेल तर अध्याय आणि ओवी क्रमांक घेऊन छापील प्रत उघडा. अभंगांचे क्रमांक गाथेच्या आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून आवृत्तीही लिहा.

यंत्र वापरूच नका असं म्हणत नाही. शाईपेन यांनी सांगितलेली शब्दांची यादी करायला ते झकास आहे. पर्यायी शब्द, उलट बाजूचे मुद्दे, किचकट परिच्छेद सोपा करून घेणं, सगळं चालेल. फक्त साक्षीदार म्हणून उभं करू नका.

काजवा

वाङ्मयचौर्याची मर्यादा १० टक्के आहे ना? म्हणजे तेवढं चालतं?

लाल फीत

नाही हो. यूजीसीच्या २०१८च्या विनियमांत शोधप्रबंधांसाठी साम्याचे टप्पे आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं. ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रबंध सादर करायला मनाई. ६०च्या वर नोंदणी रद्द. मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, श्रेय दिलेली अवतरणं, कायद्यांचा मजकूर वगळतात, आणि सर्वसामान्य माहितीचे किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही.

पण यंत्र साम्य मोजतं, चोरी नाही. एखाद्याची अख्खी कल्पना स्वतःच्या शब्दांत मांडून नाव गाळलं तर साम्य शून्य आणि चोरी शंभर टक्के. इंग्रजी परिच्छेदाचं मराठी भाषांतर करून खपवणं हा आपल्याकडचा लाडका प्रकार. यंत्राला तो दिसला नाही तरी विषय शिकवणाऱ्याला वाक्याच्या ठेवणीवरून कळतो. ‘हे नोंद घेण्यासारखे आहे की’ असं वाक्य आलं की मूळ कुठल्या भाषेतलं हे सांगायला सॉफ्टवेअर लागत नाही.

शाईपेन

बहुतेक मुलं चोर नसतात, गबाळी असतात. टिपणं काढताना मजकूर चिकटवतात, महिन्याने स्वतःचं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं हे आठवत नाही. त्यामुळे चिकटवतानाच, त्याच क्षणी, अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक. नंतर करू म्हटलं की झालंच.

झोटेरो फुकट आहे. डीओआय किंवा आयएसबीएन दिला की बाकी माहिती आपोआप भरतं. फुकटात ३०० एमबी साठा मिळतो, पीडीएफ भरल्या की तो पटकन संपतो. फाइली स्वतःच्या संगणकावर ठेवून फक्त नोंदी सिंक करा. मराठी पुस्तकांची नोंद बहुधा हाताने भरावी लागते. तेव्हा आडनावाच्या चौकटीत आडनावच जातंय ना ते पाहा, नाहीतर ‘ग. दि. माडगूळकर’ यादीत ‘ग’खाली जाऊन बसतात.

संकेतस्थळाचा संदर्भ असेल तर पाहिल्याची तारीख लिहा आणि पान वेबॅक मशीनमध्ये (पानांच्या जुन्या प्रती जपणारं ऑनलाइन भांडार) साठवून तोही पत्ता ठेवा. सरकारी संकेतस्थळांची रचना बदलली की जुने दुवे मरतात, आणि ते नेमके तोंडी परीक्षेच्या दिवशी मेलेले सापडतात.

काजवा

शेवटचं. तालुक्याच्या कॉलेजात महागडी नियतकालिकं नाहीत. लेख उघडायला गेलं की पैसे मागतात.

कपाट नं. ७

आधी कॉलेज कोणाचं आहे ते पाहा. केंद्र-राज्य सरकारांच्या संस्थांसाठी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालंय, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं. कॉलेज त्यात बसत नसेल तर ग्रंथपालांना एन-लिस्ट या कॉलेजांना ई-नियतकालिकं पुरवणाऱ्या योजनेच्या नोंदणीबद्दल विचारा. नोंदणी असते, लॉगिन मागायला कोणी येत नाही, असंही घडतं.

तेही नसेल तर लेखाचं शीर्षक गूगल स्कॉलरवर टाका आणि खालचं ‘सर्व आवृत्त्या’ दाबा. लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या भांडारात ठेवलेली प्रत तिथे बरेचदा निघते. ब्राउझरमध्ये अनपेवॉल बसवलं तर अशी कायदेशीर मोकळी प्रत असल्यास बाजूला हिरवं कुलूप दिसतं. नाहीच मिळाली तर लेखाच्या पहिल्या पानावर लेखकाचा ईमेल असतो. दोन ओळी लिहा : कोण, कुठल्या प्रकल्पासाठी, कुठला लेख. विषयाच्या जागी लेखाचं पूर्ण शीर्षक घाला, नुसतं ‘हॅलो सर’ नको.